वाचकांचे प्रश्न : झाडबेडकाचे घर कसे असावे आणि त्यात कोण असावे

प्रश्न : मुलाने शहरातील एका दुकानातून हिरव्या रंगाचे, जाडसर दिसणारे दोन लहान झाडबेडूक आणले आहेत. दुकानदाराने त्यांचे नाव ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ असे सांगितले. घरी माशांची दोन फूट लांबीची रिकामी काचपेटी आहे, ती चालेल का? शिवाय उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी घरातही बसवत नाही. अशा हवेत हे बेडूक टिकतील का? — एक वाचक, परभणी

उत्तर : हा बेडूक मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि न्यू गिनीच्या दक्षिण भागाचा आहे. पूर्ण वाढलेली मादी दहा सेंटीमीटर किंवा त्याहून थोडी मोठी होते आणि नीट सांभाळल्यास हा प्राणी पंधरा वर्षेही जगतो. मुलगा आज शाळेत असेल, तर तो नोकरीला लागेपर्यंत ही जबाबदारी घरात राहणार आहे, याचा विचार घरातील सर्वांनी आताच करावा.

काचपेटी उपयोगी पडेल, परंतु ती आडवी ठेवू नये. झाडबेडूक जमिनीवर क्वचितच वावरतो. दिवसा तो उंचावर चिकटून झोपतो आणि रात्री फांद्यांवर फिरतो, म्हणून त्याला लांबीपेक्षा उंची हवी असते. पेटी अरुंद बाजूवर उभी करावी आणि उघड्या बाजूला घट्ट बसणारे दार करून घ्यावे. पूर्ण दार जाळीचे केले तर मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आतला ओलावा तासाभरात उडून जातो आणि जाळी अजिबात नसली तर हवा कोंडून बुरशी धरते. त्यामुळे दाराचा मोठा भाग अॅक्रिलिकचा ठेवून वर आणि खाली एकेक पट्टा नायलॉनच्या मच्छरजाळीचा बसवणे योग्य ठरेल. लोखंडी जाळी वापरू नये, कारण रात्री तिच्यावर धडकून बेडकाच्या नाकपुड्यांजवळची त्वचा सोलवटते. ही जागा दोन लहान बेडकांना काही महिने पुरेल. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांना दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच घर द्यावे.

आत बांबूचे तुकडे, बेडकाचे वजन पेलतील अशा फांद्या आणि कुंडीतला मनी प्लांट एवढे पुरे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पाने धुऊन घ्यावीत, कारण त्यांच्यावर औषध फवारलेले असते. तळाशी धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा साधा ओला कागद घालावा. बारीक खडे घालू नयेत, कारण भक्ष्यावर झडप घालताना ते गिळले जातात आणि आतड्यात अडकतात.

पाण्याकडे मात्र फार लक्ष द्यावे लागते, कारण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, तो ते पोटाखालच्या आणि मांड्यांच्या त्वचेतून शोषून घेतो. पाण्यात जे काही असेल, ते थेट त्याच्या शरीरात जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास बरेचसे उडून जाते, परंतु काही ठिकाणी क्लोरामाइन वापरले जाते आणि ते असे उडत नाही, म्हणून माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव वापरणे अधिक सुरक्षित. बोअरचे पाणी आपल्या भागात बहुधा जड असते आणि शेतीच्या पट्ट्यात त्यात नायट्रेटही उतरलेले असू शकते, म्हणून ते बेडकाच्या भांड्यात घालणे टाळावे. नुसते आरओचे पाणीही सतत देऊ नये, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. बसण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यातील पाणी रोज बदलावे.

आता उन्हाळ्याविषयी. या बेडकांना दिवसा २४ ते २८ अंश आणि रात्री २० अंशांच्या थोडे वर एवढे तापमान मानवते. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेली काचपेटी त्यांचा जीव घेऊ शकते. घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत पेटी ठेवावी. त्याच खोलीत कूलर असल्यास उत्तम, कारण कोरड्या हवेत कूलर तापमानही उतरवतो आणि ओलावाही वाढवतो, परंतु त्याचा झोत पेटीवर येऊ देऊ नये. दुपारी वीज गेल्यास काचेवर ओले गोणपाट टाकून ठेवावे. माठातले पाणी ज्या कारणाने थंड राहते, त्याच कारणाने काचही थंड राहते. दाराच्या जाळ्या तेवढ्या झाकू नयेत.

परभणीची थंडीही विसरू नये. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांखाली गेले, तर पेटीच्या एका बाजूच्या काचेवर बाहेरून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावावी आणि ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही चालू करू नये.

प्रश्न : आमच्या न्हाणीघरात पावसाळ्यात एक तपकिरी रंगाचा, लांब पायांचा बेडूक येतो आणि भिंतीवर चिकटून बसतो. माझ्याकडे आधीच पाळलेला एक हिरवा झाडबेडूक आहे. तो एकटा पडला आहे, असे मुलांना वाटते. न्हाणीतल्या बेडकाला त्याच्या सोबतीला ठेवता येईल का? — एक वाचक, उदगीर

उत्तर : कृपया ठेवू नये. मुलांच्या मनातील कळवळा मी समजू शकतो, परंतु या सोबतीत दोन्ही प्राण्यांचे नुकसान आहे.

आपण वर्णन केलेला पाहुणा बहुधा भारतीय सामान्य झाडबेडूक असावा. न्हाणीघर, पाण्याची टाकी, कुंड्यांमागची ओल ही त्याची आवडती ठिकाणे आहेत. पावसाळ्यात मादी पाण्यावर झुकलेल्या पानांना किंवा हौदाच्या कडेला फेसाचे घरटे करते, त्यात अंडी असतात आणि डिंभक बाहेर पडून खालच्या पाण्यात उतरतात. त्याला काचेत बंद केल्यास हे सारे थांबते. तो आपल्या घरातील डास, झुरळे आणि पतंग खात असतो, म्हणून त्याला तिथेच राहू द्यावे. न्हाणीत फिनेल किंवा अॅसिड टाकण्याआधी तो कुठे बसला आहे, एवढे पाहून घ्यावे.

दुसरे कारण रोगाचे आहे. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी आहे. शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन १९९९ मध्ये केले आणि जगाच्या अनेक भागांत बेडकांच्या जाती तिच्यामुळे नष्ट झाल्या किंवा नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. ही बुरशी त्वचेचे काम बिघडवते, रक्तातील क्षारांचे प्रमाण ढासळते आणि शेवटी हृदय थांबते. काही जातींच्या अंगावर ती राहते, पण त्या आजारी दिसत नाहीत. अशा बेडकाकडून ती दुसऱ्या जातीला गेली की दुसरी जात मरू शकते. सह्याद्रीतील बेडकांतही ती आढळली आहे. त्यामुळे धोका दोन्ही बाजूंनी आहे : रानातला बेडूक पाळलेल्याला रोग देऊ शकतो आणि दुकानातून आलेला बेडूक आपल्या नाल्यांतील, विहिरींतील बेडकांना. म्हणूनच पाळलेल्या बेडकाच्या भांड्यातील पाणी बागेत, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात ब्लीच घालून, काही वेळ ठेवून ते शौचालयात ओतावे.

तिसरी गोष्ट भुकेची. तोंडात मावेल ते भक्ष्य, असा या प्राण्यांचा नियम आहे. आपला हिरवा झाडबेडूक बहुधा व्हाइट्सच असेल आणि मोठा व्हाइट्स लहान झाडबेडकाला गिळण्याचा प्रयत्न करतो. शिवाय व्हाइट्सच्या त्वचेतून सेरुलिनसारखे द्रव्य पाझरते. त्याचा त्याला स्वतःला त्रास नसतो, परंतु लहानशा जागेत, एकाच भांड्यातील पाण्यात बसणाऱ्या दुसऱ्या जातीला त्याचा त्रास होऊ शकतो.

आपला बेडूक एकटा आहे म्हणून तो दुःखी आहे, असे नव्हे. त्याला सोबत द्यायचीच असेल, तर ती त्याच्याच जातीची आणि जवळजवळ त्याच्याच आकाराची असावी. नवा बेडूक आल्यावर त्याला किमान महिना-दोन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या पेटीत ठेवावे, त्याची भांडी आणि चिमटा वेगळा असावा, आणि काम करताना जुन्याकडे आधी व नव्याकडे नंतर जावे. तो नीट खातो, त्याची विष्ठा व्यवस्थित आहे आणि त्वचेवर लाल डाग नाहीत, हे पाहूनच त्यांना एकत्र आणावे.

प्रश्न : पेटीच्या तळाशी पाणी ठेवून त्यात गप्पी मासे आणि एक छोटे कासव सोडले तर शोभा येईल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : शोभा येईल, परंतु फार दिवस टिकणार नाही. दुकानांत मिळणारे लाल कानाचे कासव बेडकाचे पाय तोडते आणि त्याच्या विष्ठेने पाणी लवकर नासते. माशांना खोल, गाळणी लावलेले पाणी हवे आणि झाडबेडूक चांगला पोहणारा नसल्याने खोल पाण्यात दमून बुडू शकतो. पाल, सरडा, गोगलगाय यांनाही तिथे जागा नाही. खरोखर उपयोगी सोबती हवेत, तर ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे आहेत : स्प्रिंगटेल आणि लहान पांढरे आयसोपॉड. हे कीटकासारखे जीव कोकोपीटमध्ये राहून बुरशी आणि विष्ठा खातात. बेडकाने एखादा खाल्ला तरी बाधत नाही. ते पाळणाऱ्याकडूनच घ्यावेत. हाच नियम खाद्यालाही लावावा : कापूस-सोयाबीनच्या शेतातून रातकिडे पकडून आणू नयेत, कारण त्यांच्या अंगावर फवारणीचे विष असते.

प्रश्न : लाल डोळ्यांचा झाडबेडूक आणि व्हाइट्स एकत्र राहतात, असे दुकानदार म्हणतात. हे खरे आहे का, आणि त्यासाठी परवाना लागतो का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एकत्र ठेवू नयेत. लाल डोळ्यांचा बेडूक मध्य अमेरिकेतील दमट जंगलांतला आहे, अंगाने सडपातळ आणि पाच ते सात सेंटीमीटरचा. त्याला व्हाइट्सपेक्षा बराच अधिक ओलावा लागतो. एकाला मानवेल एवढे पाणी शिंपडले तर दुसऱ्याची त्वचा सतत ओली राहून तिला संसर्ग होतो. मराठवाड्यात वातानुकूलित खोली नसेल, तर लाल डोळ्यांचा बेडूक आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही जात २०१० पासून ‘साइटिस’ या वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी जातीचा प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. व्हाइट्सची जात या परिशिष्टांत नाही. तरीही कोणताही बेडूक घेताना पक्के बिल आणि तो पाळीव जोडीपासून झालेला असल्याचे लेखी पत्र मागावे आणि दुकानदार ते देत नसेल तर तेथून खरेदी करू नये.