गोव्याच्या फुटबॉलचा सुवर्णकाळ नेमका कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी पुण्याहून मडगावला आलात, ऑफिसात रोज जेवणाच्या सुट्टीत साळगावकर, डेंपो, चर्चिल आणि एफसी गोवा या गोव्याच्या क्लबांवरून वाद होतो, प्रत्येक जण "आमचा काळ खरा" म्हणतो. मग खरा सुवर्णकाळ कोणता, आणि नव्या माणसाने तो समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर आधीच देतो. २००६-०७ ते २०१२-१३. या सलग सात हंगामांत देशाचा लीग किताब एकदाही गोव्याबाहेर गेला नाही. क्रम असा: डेंपो, डेंपो, चर्चिल, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, म्हणजे तुमच्या पुणे शहराच्या निम्मीसुद्धा नाही. त्यात कोलकात्याचे मोठे क्लब रिंगणात असताना हे घडलं. बाकी सगळे काळ गोड आहेत, पण याच्या तोडीचा दुसरा नाही, आणि असा पुन्हा येईल असं मला वाटत नाही. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक काम करा. सहकाऱ्यांचे वाद ऐकताना कोण कुठल्या स्पर्धेबद्दल बोलतोय ते वेगळं करा. निम्मा गोंधळ तिथेच होतो. संतोष ट्रॉफी ही राज्यांची स्पर्धा, तिथे क्लब नाही, गोवा खेळतो. फेडरेशन कप १९७७ पासूनची क्लबांची बाद फेरीची स्पर्धा. राष्ट्रीय लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ची. आता ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर ब्रह्मानंद शंखवाळकर आहेत, त्याला "साळगावकरने तेव्हा लीग किती जिंकल्या?" असं विचारणं अन्यायाचं आहे, कारण तेव्हा राष्ट्रीय लीगच नव्हती. ताळगावचा हा गोलकीपर भारताचा कर्णधार झाला, त्याच्या पिढीने १९८२-८३ ला बंगालसोबत संयुक्त आणि १९८३-८४ ला एकट्याने संतोष ट्रॉफी आणली. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन कप घेतला. त्या काळाचं माप हे.

दुसरी चूक हंगामाच्या नावाची. "२००८ ला चॅम्पियन कोण?" या प्रश्नावर डेंपोवाला आणि चर्चिलवाला दोघेही हात वर करतात आणि दोघेही बरोबर असतात. लीग पावसाळ्यानंतर सुरू होऊन पुढच्या वर्षी संपते. २००७-०८ चा किताब डेंपोचा, २००८-०९ चा चर्चिलचा. म्हणून नेहमी दोन्ही वर्षं बोला. तसंच डेंपोचे "पाच किताब" मोजताना दोन जुन्या राष्ट्रीय लीगचे (२००४-०५, २००६-०७) आणि तीन आय-लीगचे (२००७-०८, २००९-१०, २०११-१२) धरलेले असतात. इंटरनेटवर आय-लीगचीच यादी उघडली तर तीनच दिसतात आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता डेंपोबद्दल सविस्तर, कारण या सात वर्षांचा कणा तेच आहेत. आर्मांद कुलासो २००० मध्ये प्रशिक्षक झाले आणि २०१३ पर्यंत राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षक एक हंगाम टिकला तरी पुष्कळ. संघाचा गाभाही तसाच टिकला: महेश गवळी, समीर नाईक बचावात, क्लायमॅक्स लॉरेन्स मधे, क्लिफर्ड मिरांडा डावीकडे. हीच मुलं राष्ट्रीय संघातही एकत्र खेळायची. त्यांच्यापुढे ब्राझीलचा बेतो चेंडू पुरवायला आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोलसमोर. जुनी क्षणचित्रं मिळाली तर रँटीकडे नाही, बेतोकडे बघा. पास येण्याआधीच तो मान वळवून बघून घेतो आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढे असतो. रँटीच्या गोलांच्या ढिगाऱ्याचं निम्मं उत्तर त्यात आहे. २००८ मध्ये हा संघ एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेला, वाटेत सिंगापूरच्या होम युनायटेडला हरवून.

पण डेंपोच्या माणसाशी बोलण्याआधी २००४ चा प्रसंग समजून घ्या. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. डेंपो २-० ने जिंकले, दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे, आणि दुसरा गोल करताना गोलकीपरशी झालेल्या धडकेत तो कोसळला तो उठलाच नाही. क्लबने त्याची १० नंबरची जर्सी नंतर कुणाला दिली नाही. त्याच हंगामात डेंपोने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. त्या वर्षी दुसरा क्रमांक स्पोर्टिंग क्लब द गोवाचा होता, म्हणजे पहिले दोघेही इथलेच. डेंपोच्या जुन्या चाहत्याचा २००४-०५ चा विषय निघाला की आवाज खाली येतो, तो यामुळे. तिथे आकडेवारी काढू नका.

२००५-०६ चा एकच किताब मधे मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेला. त्यांचा प्रशिक्षक डेरिक परेरा, तोही गोंयकारच.

साळगावकरची गोष्ट वेगळ्या कारणासाठी ऐकण्यासारखी आहे. १९९७ चा फेडरेशन कप तुमच्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या माणसाला नक्की आठवत असेल. त्या स्पर्धेतल्या ईस्ट बंगाल-मोहन बागान उपांत्य सामन्याला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर सव्वा लाखाच्या वर गर्दी होती. तो सामना जिंकलेल्या ईस्ट बंगालला अंतिम सामन्यात साळगावकरने २-१ ने हरवलं. मग १९९८-९९ ला शब्बीर अली यांच्या हाताखाली राष्ट्रीय लीग, गोव्यात आलेली पहिली. ब्रुनो कुतिन्होचा हा काळ. पुढे २००७-०८ ला हाच क्लब खालच्या विभागात घसरला, एक वर्ष तिथे काढून परत आला आणि २०१०-११ ला करीम बेंचेरिफा यांच्यासोबत थेट चॅम्पियन झाला. लगेच २०११ चा फेडरेशन कपही घेतला.

चर्चिल ब्रदर्स साष्टीचे, म्हणजे मडगावच्याच तालुक्याचे. त्यांचा चाहता तुम्हाला आधी ओडाफा सांगेल. हा नायजेरियाचा ओडाफा ओकोली डाव्या पायाने लांबून मारायचा, आणि अडवायला आलेल्या माणसाला अंगावर घेऊनही पडायचा नाही. चर्चिल पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये १९९६-९७ ला उपविजेते, २००७-०८ ला डेंपोशी गुण समान होऊनही किताब हुकलेला. इतक्या वेळा तोंडाशी आलेला घास गेल्यावर २००८-०९ चा किताब आला. म्हणून तो डेंपोच्या पाचांपेक्षा त्यांना मोठा वाटतो, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

हा काळ पुन्हा का येणार नाही? २००७-०८ च्या पहिल्या आय-लीगमध्ये दहा संघ होते, त्यातले चार गोव्याचे. म्हणजे हंगामात राष्ट्रीय दर्जाच्या बारा लढती गोंयकार विरुद्ध गोंयकार. एकाच वाड्यावर लहानपणी कापणी झालेल्या शेतात खेळलेली मुलं मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर समोरासमोर. लोकांना जे आठवतं ते करंडक कमी आणि हे जास्त. साळगावकर आणि डेंपो यांच्यामागे खाणींतून वर आलेली उद्योगघराणी होती. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि गोव्यात खेळावर खर्च करायची सगळ्यांचीच ऐपत आणि हिंमत आटली. त्यातच आयएसएल आली आणि तीच देशाची मुख्य लीग करायचं ठरू लागलं, तेव्हा जून २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघे एकत्रच आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चार क्लबांचा तो शेजारभाव एका क्लबाने परत येत नाही.

एफसी गोवाची पिढी मात्र हलक्यात घेऊ नका. ऑफिसातली पंचविशीची मुलं २० डिसेंबर २०१५ बद्दल बोलतील. फातोर्डा भरलेलं, झिको प्रशिक्षक, अंतिम सामना चेन्नईयिनशी. ८७ व्या मिनिटाला गोव्याच्या जोफ्रेने २-१ केलं. नव्वदाव्या मिनिटाला स्वतःच्याच गोलात चेंडू गेला, पुढच्या दोन मिनिटांत चेन्नईयिनच्या मेंडोसाचा गोल, २-३. तीन-चार मिनिटांत हातातला करंडक गेला. या मुलांचा सुवर्णकाळ त्यानंतरचा, २०१७ ते २०२०: प्रशिक्षक सर्जियो लोबेरा, आणि मैदानात कोरो, ब्रँडन फर्नांडिस, मंदार राव देसाई. कोरोने पहिल्या हंगामात १८ आणि दुसऱ्यात १६ गोल केले. २०१९ चा सुपर कप आणि २०१९-२० ची लीग शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची) आली. शील्ड पक्की झाली ती जमशेदपूरला ५-० ने. लोबेरा तोवर गेले होते आणि संघ क्लिफर्ड मिरांडाच्या हाती होता, डेंपोचा तोच डावखुरा. मधल्या फळीत लेनी रॉड्रिग्ज, जो चर्चिलच्या दोन्ही किताबांत होता. त्यामुळे "जुना काळ संपला, नवा वेगळा" असं म्हणणाऱ्याला ही दोन नावं सांगा. त्या शील्डमुळे २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब गोव्याचा ठरला. सामने फातोर्ड्यालाच झाले, पण कोरोनामुळे स्टँड रिकामे. लोराँ ब्लाँ प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल रय्यानशी ०-० आपल्या मैदानावर झाली आणि बघायला माणूस नव्हता, याची हळहळ इथे अजून आहे.

आता शोधायचं कसं. आयएसएलची क्षणचित्रं यूट्यूबवर सहज मिळतात. २००६ ते २०१२ चं चित्रीकरण तुटक आहे. क्लबाचं नाव आणि हंगाम इंग्रजीत टाकून शोधा, खेळाडूच्या नावाने शोधलं तर सगळ्या क्लबांची खिचडी मिळते. त्याआधीचं हवं असेल तर वर्तमानपत्रंच. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे 'गोमन्तक', 'नवप्रभा' यांचे जुने अंक बघण्याबद्दल विचारा. जाताना सामन्याची तारीख काढून न्या आणि दुसऱ्या दिवसाचा अंक मागा, बातमी तेव्हा छापून येते. तारीख नसेल तर आरएसएसएसएफ या संकेतस्थळावर भारतातले हंगामवार निकाल आहेत, तिथून ती काढा. नुसता महिना सांगून गेलात तर दिवस फुकट जातो.

जुनी जर्सी विकत घेणार असाल तर एक खूण: एफसी गोवाची पहिल्या तीन हंगामांची घरची जर्सी मुख्यतः निळी होती, आजची नारिंगी २०१७ पासून. "२०१५ फायनलची" म्हणून कुणी पूर्ण नारिंगी दाखवली तर पैसे काढू नका. चर्चिलचा रंग लाल, साळगावकरचा हिरवा.

आणि माणसांना बोलतं करायचं असेल तर "तुमचा क्लब कोणता?" असं विचारू नका, त्यावर एका शब्दाचं उत्तर येतं. "मॅच कुठे बघायचात?" असं विचारा. वास्कोचं टिळक मैदान म्हणाला तर तो फातोर्ड्याच्या आधीचा, म्हणजे १९८९ पूर्वीचा असण्याची शक्यता आहे. त्याला बांदोडकर ट्रॉफीबद्दल विचारा, परदेशी संघ यायचे त्या स्पर्धेबद्दल. म्हापशाचं धुळेर म्हणाला तर तो बार्देशातला, त्याच्याकडून गोव्याच्या स्थानिक लीगच्या गोष्टी ऐका, त्या कुठे छापलेल्या सापडत नाहीत.

सुरुवात म्हणून फातोर्ड्याला एक सामना बघाच. तुम्ही मडगावातच आहात हे बरं. पणजीहून येणाऱ्या मित्राला मात्र सांगून ठेवा: साडेसातची मॅच संपायला साडेनऊ वाजतात आणि तोवर कदंबची पणजी शटल बंद झालेली असते, तेव्हा परतीची गाडी आधी ठरवा. एफसी गोवा झाल्यावर डेंपो किंवा चर्चिलचा दुपारचा एखादा सामनाही गाठा. गर्दी थोडी असते, आणि बाजूला बसलेला म्हातारा माणूस बहुधा तुम्हाला हव्या असलेल्या सगळ्या वर्षांचा साक्षीदार असतो.