डिफेन्सिव्ह कोच हेड कोच झालाच नाही, तर त्याची कारकीर्द अर्धवट राहिली असं म्हणायचं का?

अजिबात नाही. तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या मला बड फॉस्टर आठवले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये त्यांनी 1995 ते 2019 एकाच विद्यापीठाचा, व्हर्जिनिया टेकचा, डिफेन्स, म्हणजे समोरच्या संघाला गुण करण्यापासून रोखणारी फळी, सांभाळला. हेड कोच ते कधीच झाले नाहीत.

हे किती दुर्मीळ आहे ते आधी लक्षात घ्या. या पेशात असिस्टंट कोच म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. हेड कोचची गच्छंती झाली की बहुतेक वेळा त्याच्या स्टाफलाही गाशा गुंडाळावा लागतो. फॉस्टर 1987 साली हेड कोच फ्रँक बीमर यांच्यासोबत मरे स्टेट विद्यापीठातून ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकच्या गावी, आले. खेळाडू असतानाही ते बीमर यांच्याच तालमीत होते. आधी लाइनबॅकर्स (डिफेन्सच्या पहिल्या रांगेमागचे खेळाडू), मग 1995मध्ये रॉड शार्पलेस यांच्या जोडीने सगळा डिफेन्स, पुढच्या वर्षापासून एकट्याने. बीमर 2015च्या हंगामानंतर निवृत्त झाले, तेव्हा नव्या हेड कोचनेही फॉस्टर यांना ठेवून घेतलं. माझ्या मते त्यांच्या कामाची याहून मोठी पावती नाही. तसे मानसन्मानही मिळाले: 2006मध्ये देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला मिळणारं ब्रॉयल्स अवॉर्ड त्यांना मिळालं.

आता काम बघा. 6 सप्टेंबर 2014, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या घरच्या मैदानावरचा सामना. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, नवखा, त्याचा जेमतेम दुसरा सामना. फॉस्टर यांनी ‘बेअर फ्रंट’ लावला: सेंटर आणि दोन्ही गार्ड, म्हणजे समोरच्या संघाच्या पुढच्या रांगेतले मधले तिघे, यांच्या थेट समोर एकेक माणूस उभा केला, म्हणजे मधून धावायला वाटच नाही. बाकीचेही पुढे ओढले आणि कडेच्या बचावपटूंना, म्हणजे कॉर्नरबॅक्सना, पास झेलणाऱ्या रिसीव्हरसमोर एकेकटं सोडलं. एक कॉर्नरबॅक चुकला की सरळ टचडाऊन, म्हणजे समोरच्यांना गुण, पण त्यांनी तो धोका पत्करला. नवख्या पोराला फेकायलाच लावलं. 7 सॅक (बॉल फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), 3 इंटरसेप्शन (त्याचा पास मध्येच पकडणं), व्हर्जिनिया टेक 35-21ने विजयी. ओहायो स्टेट त्या वर्षी राष्ट्रीय विजेते झाले आणि अख्ख्या हंगामात हरले ते फक्त हाच सामना.

त्यांच्या डिफेन्सची खूण होती एक पत्र्याचा जेवणाचा डबा, कोळसा खाणीतले कामगार नेतात तसा. तो सामन्याला घेऊन जाण्याचा मान खेळाडूला कमवावा लागे. एप्रिल 2007मध्ये कॅम्पसवर गोळीबार झाला, 32 जण गेले. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. पुढच्या हंगामात त्या 32 जणांची नावं त्या डब्यात होती. डावपेच शिकवणारे कोच पुष्कळ सापडतात. पण कॅम्पसचं दुःख त्याच डब्यात घालून मैदानावर न्यायचं हे ज्याला सुचतं, तो त्या गावात मुरलेला असावा लागतो.

निवृत्तीची घोषणा त्यांनी 2019च्या हंगामाआधीच केली होती. शेवटचा ‘बोल’ सामना (हंगाम संपल्यावर होणारा खास सामना) केंटकीविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत हातचा गेला, पण घरच्या लेन स्टेडियमवरच्या अखेरच्या सामन्यात त्यांच्या पोरांनी पिट्सबर्गला एकही गुण करू दिला नव्हता: 28-0.

तुम्हाला या कामाची खरंच ओढ असेल, तर 2014चा तो सामना मिळवून पूर्ण पाहा. पहिल्यांदा पाहताना बॉलमागे जाऊ नका, सेंटर-गार्डसमोरच्या त्या तिघांवर नजर ठेवा.