दहावीलाच बायोलॉजी सुटली, आता मेंदू झेपेल?

"मॅडम, हिने दहावीनंतर बायोलॉजी सोडली. मेंदूचा विषय हिला कसा झेपायचा?" खुर्चीत टेकायच्या आधीच आईंनी विचारलं. मुलगी साताऱ्याची, पुण्यात मानसशास्त्र घेऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला. मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, म्हणून तिला कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स (विचार, स्मृती मेंदूत कशा चालतात याचा अभ्यास) हवं होतं आणि फॉर्मला आठवडा उरला होता.

मी तिला हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाची हकिगत सांगितली. 1953 मध्ये फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा, भाग काढला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दिवसागणिक हात सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हेच केलं होतं, हे मात्र त्याला आठवायचं नाही.

मुलीने लगेच विचारलं, "हात सुधारला हे ठरवलं कशावरून? चुका मोजल्या का?"

हो, चुकाच मोजल्या होत्या. तिने हे विचारलं तेव्हाच मला वाटलं, पोरगी या वाटेची आहे.

तिला एक काम दिलं. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, 'हिरवा' लाल शाईत असे कागद करायचे, मैत्रिणींना शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचा आणि मोबाईलवर वेळ मोजायचा. स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग 1935 पासून चालत आलाय. चार दिवसांनी ती वही घेऊन आली. हॉस्टेलच्या बारा मुलींपैकी अकरा जणी अडखळल्या होत्या. एकीला उलट इतरांपेक्षा कमी वेळ लागला होता.

"हिला वगळू का, मॅडम?"

वगळावं की नाही, हे संख्याशास्त्रावरून ठरतं, असं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "माझं गणित कच्चं आहे."

खरी भीती ही होती. बायोलॉजीचं ओझं आईंच्या मनावर होतं. न्यूरॉन (मेंदूच्या पेशी), सिनॅप्स (त्यांचे सांधे), मेंदूचे खंड हे मन लावलं तर एका सेमिस्टरमध्ये मुळापासून शिकता येतं. संख्याशास्त्र मात्र मानसशास्त्राच्या मेजरमध्येही, म्हणजे मुख्य विषयातही, येणारच. मग त्याला घाबरून मायनर सोडण्यात काय अर्थ?

आईंना नोकरीचंही विचारायचं होतं. त्यांना स्पष्ट सांगितलं, ताई, तीन वर्षांच्या 120 क्रेडिटमध्ये मायनरची साधारण 24. तेवढ्यावर नोकरी धरू नका, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला पुढे वेगळं मान्यताप्राप्त शिक्षण लागतं. पण अलाहाबाद विद्यापीठ किंवा आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्समध्ये एमएससी करायचं मनात आलं, तर हा पाया उपयोगी पडेल.

फॉर्म भरला. पहिल्या परीक्षेत संख्याशास्त्रात जेमतेम पास झाली, रडली, शिकवणी लावली. परवा भेटली तेव्हा तीच वही दाखवली. त्या एका मुलीला तिने तक्त्यात तसंच ठेवलं होतं आणि का ठेवलं, ते मला दहा मिनिटं समजावून सांगत होती.