गाडी काढेन, पण सही?

"मॅडम, मित्र तिकडे गेला आणि मी गेलो नाही, तर मी गद्दार ठरतो का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच कार्यकर्त्यांनी आजवर विचारलाय. त्यांतल्या एकाची गोष्ट त्यांच्या परवानगीने, तपशील बदलून सांगते.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. पक्ष आणि घड्याळ हे चिन्ह कोणाचं हे निवडणूक आयोगापुढे ठरायचं होतं, म्हणून दोन्ही गट पदाधिकाऱ्यांकडून प्रतिज्ञापत्रं घेत होते. हे तालुक्याचे पदाधिकारी. शर्टाच्या खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला स्टॅम्पपेपर काढून टेबलावर ठेवला. मजकूर टाईप केलेला, सहीची जागा कोरी, घड्यांवर कागद घामाने मऊ पडलेला. "आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय. झोप नाही. पोरांवर उगाच ओरडतो."

कागद दिला होता दुसऱ्या गटात गेलेल्या, शाळेपासूनच्या मित्राने. यांचे वडील आयसीयूत होते तेव्हा तो तीन रात्री बाहेर बाकावर बसून होता, डिपॉझिटही त्यानेच भरलं. आता त्याने एवढंच विचारलं होतं, "तू माझा माणूस आहेस ना?"

आपल्याकडे 'साहेबांचा माणूस', 'दादांचा माणूस' हीच कार्यकर्त्याची ओळख. त्यामुळे उपकार आणि मत एकाच वहीत मांडलं जातं. मी विचारलं, "रात्री दोनला त्याचा फोन आला, घरात कोणी आजारी आहे म्हणून, तर?"

"गाडी काढेन."

"पैसे लागले तर?"

"उसने आणीन."

"आणि ही सही?"

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "खोटी होईल, मॅडम. शपथेवर लिहायचंय."

मित्राचं ऋण खरंच आहे, पण अशी सही त्याचा हप्ता होऊ शकत नाही, असं मला मनापासून वाटतं. पक्ष वेगळे असूनही टिकलेल्या शरद पवार-बाळासाहेब ठाकरे मैत्रीची मी आठवण काढली. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नव्हता. हे ऐकून माझ्यासमोर बसलेले पदाधिकारी म्हणाले, "ती मोठी माणसं. आम्हाला रोज एकाच चौकात चहा प्यायचाय." खरं होतं त्यांचं.

नकार व्हॉट्सॲपवर किंवा तिसऱ्याच्या तोंडून जायला नको, एवढं मी बजावलं. समोर रिकामी खुर्ची ठेवून सराव केला. ते सारखे पक्षाची बाजू मांडू लागायचे, मी थांबवायचे. मित्राला पटवायचं नव्हतंच. चौथ्या वेळी नीट आलं: "सही करणार नाही. तुझ्या घरचा मी आहेच."

ते जाऊन बोलले. मित्र काही न बोलता आत निघून गेला.

दिवाळीत ते नेहमीसारखे फराळाला गेले. मित्र घरी नव्हता. वहिनींनी ताट वाढलं, निघताना चिवड्याचा डबा हातात दिला.

"डबा रिकामा कसा परत करू?" त्यांनी मला विचारलं.

"घरात काय आहे?"

"आईने दाण्याचे लाडू केलेत. लहानपणी तो चोरून खायचा."