वाचकांचे प्रश्न : मडक्यावरचा सोंगाड्या

प्रश्न : प्राचीन ग्रीक भांड्यांवर सुटलेल्या पोटाची, वेड्यावाकड्या तोंडाची माणसे रंगवलेली दिसतात. ती नुसती गमतीची चित्रे नसून विनोदी नटांची आहेत, हे कशावरून ठरवतात? – एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : ही भांडी मुख्यतः दक्षिण इटली व सिसिलीतील ग्रीक वसाहतींत, सुमारे इ. स. पू. ४०० ते ३३० या काळात घडली; त्यांपैकी बरीचशी मद्यात पाणी मिसळण्याची आहेत. आपल्या प्रश्नाचे उत्तर चित्रकारानेच देऊन ठेवले आहे. अंगालगतच्या पोशाखाच्या कडा तो मनगटाशी आणि घोट्याशी मुद्दाम दाखवतो. आत कोंबलेले पोट, लोंबते चामडी लिंग, मोठ्या तोंडाचा मुखवटा आणि अनेकदा पायऱ्यांसह लाकडी रंगमंचही रंगवतो. शोकनाट्याचे चित्र काढताना मात्र तो नटाला विसरून थेट कथेतला वीरच उभा करतो.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथील सुमारे इ. स. पू. ३७० चे भांडे पाहावे. त्यावर बाईचे सोंग घेतलेला पुरुष (आपल्याकडच्या गवळणीतली मावशीच म्हणा ना!) सुरी उगारून वेदीवर बसला आहे, आणि त्याच्या हातातले ‘मूल’ म्हणजे चिमुकले बूट घातलेली मद्याची पखाल आहे. पखालीची ‘आई’ सांडणारा थेंब वाया जाऊ नये म्हणून वाडगा घेऊन धावते आहे. विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ. स. पू. ४११ मधील अथेन्सच्या नाटकातलाच हा प्रसंग आहे, हे १९८० च्या दशकात ओळखले गेले. त्यापूर्वी अशा चित्रांना बहुतेक जण ‘फ्लायाक्स’ या स्थानिक प्रहसनांची चित्रे मानत. पण त्या प्रहसनांना वाङ्मयीन रूप देणारा रिंथोन इ. स. पू. ३०० च्या सुमाराचा, म्हणजे बहुतेक भांड्यांनंतरचा असल्यामुळे ते नाव मला प्रथमपासूनच गैरलागू वाटते.

ही नाटके अथेन्सची असल्याचा दुसरा पुरावा भाषेचा आहे, आणि तो सीमाभागातल्या वाचकाला फोड करून सांगावा लागणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील, सुमारे इ. स. पू. ४०० च्या भांड्यावर पात्रांच्या तोंडी शब्द लिहिले आहेत. तारेंतम या दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतीच्या परिसरात ग्रीकची डोरिक ही बोली बोलली जाई. भांड्यावरचा म्हातारा मात्र ‘माझे हात वर बांधले’ असे अथेन्सच्या बोलीत सांगतो, आणि शेजारच्या तरुणाच्या तोंडी ‘नोरारेत्तेब्लो’ असा, ग्रीकमध्ये अर्थच न लागणारा शब्द आहे.