लाल पेन्सिल, लाल दुवा

बेळगावच्या एका छापखान्यात मी ३१ वर्षं प्रुफं तपासली. निवृत्त झाल्यावर नातीनं विकीवर, म्हणजे वाचणाऱ्यालाच पान बदलता येतं अशा संकेतस्थळावर, संपादन करायला शिकवलं. हातातली लाल पेन्सिल सुटली, दुसऱ्याच्या चुका शोधायची खोड तेवढी राहिली. या महिन्यात आलेल्या पत्रांत दुवे आणि मार्गदर्शिका यांचीच गर्दी आहे, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : काका, आम्ही चार शिक्षिका मिळून मराठी विकिपीडियावर आमच्या भागातल्या गावांची माहिती लिहितो. ‘खानापूर’ हा लेख तिथे आहे, तरी आमच्या लेखातला ‘खानापुरात’ हा दुवा लालच दिसतो, निळा होत नाही. मदतीच्या पानात सांगितलंय तशी मध्ये उभी रेघसुद्धा दिली आहे.
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, पत्रासोबत पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, नाहीतर मी भलतंच काहीतरी सांगत बसलो असतो. भिंग लावून बघितलं. तुम्ही दिलेली ती रेघ नाहीच, तो दंड आहे. अभंगाच्या चरणाशेवटी असतो तो. मोबाइलच्या मराठी कळफलकावर दंड चटकन सापडतो आणि खरी उभी रेघ चिन्हांच्या मागच्या पानावर दडून बसलेली असते. दिसायला दोघं जुळे भाऊ. विकी मात्र फसत नाही. दंड दिसला की ‘खानापूर।खानापुरात’ हे सबंध एकच नाव आहे असं ती धरते. त्या नावाचं पान कुठे नाही, म्हणून लाल.

हवं ते असं : [[खानापूर|खानापुरात]]. रेघेच्या डावीकडे पानाचं नाव, जसंच्या तसं. उजवीकडे वाक्यात जसं हवं तसं.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही रेघ कमी लागते. अनेकवचनाचा ‘एस’ कंसाबाहेर चिकटवला की त्यांचं भागतं. आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधीच शब्द वाकतो. ‘खानापूर’मधला दीर्घ पू ‘खानापुरात’ जाताना ऱ्हस्व होतो, कित्तूरचं तेच, आणि कारदगा तर ‘कारदग्याला’ होऊन ओळखूही येत नाही. अथणी, निपाणी ही सरळ स्वभावाची गावं, तिथे प्रत्यय नुसता मागे लागतो. तरी मी तिथेही रेघ देतो. एकदा सवय मोडली की पुन्हा लागत नाही.

फोटोत आणखी एक लाल शब्द दिसला, ‘दऱ्या’. त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं. दुसरीत साधा र, त्याचा पाय मोडलेला आणि मागे एक न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही सारखेच, विकीला मात्र ते दोन वेगळे शब्द. ३१ वर्षांत मला एकही चूक अशी भेटली नव्हती की जी डोळ्यांना दिसतच नाही! खिळे जुळवायच्या काळात खिळा उलटा बसला तर निदान उलटा दिसायचा तरी. तेव्हा अशा शब्दाशी भांडू नका. ज्या पानाचा दुवा द्यायचा ते उघडा, त्याचं शीर्षक उचला आणि कंसात आणून चिकटवा. जतन करण्याआधी ‘झलक पहा’ दाबायचंच.

प्रश्न : ‘बेळगाव’ लिहावं की ‘बेळगावी’? यावरून आमच्या गटात बोलाचाली बंद व्हायची वेळ आली आहे.
— वाचक, अनगोळ

उत्तर : १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. माझ्या तोंडात काय बसलंय ते माझ्या पहिल्या ओळीतच दिसलं असेल. दुव्यापुरतं बोलायचं तर भांडणाला जागाच नाही. ज्या नावानं पान आहे ते रेघेच्या डावीकडे, तुम्हाला हवं ते उजवीकडे. दुसऱ्या नावानं शोधणाराही पोचावा म्हणून त्या नावाचं पान काढून त्यात ‘#पुनर्निर्देशन’ आणि पुढे दुहेरी कंसात मूळ पानाचं नाव, एवढी एकच ओळ टाकायची. चिकोडी-चिक्कोडी, सौंदत्ती-सवदत्ती यांनाही हाच उपाय.

एक मात्र लक्षात ठेवा. सरकारी संकेतस्थळाची मार्गदर्शिका लिहीत असाल तर तिथल्या यादीत जे नाव असेल तेच लिहायचं, म्हणजे बेळगावी. अभिमान बाजूला. यादीत बेळगाव शोधत बसलेला माणूस तुमच्या-माझ्यामुळे अडकायला नको.

प्रश्न : मोबाइलवर आरटीसीचा उतारा (कर्नाटकातला सातबारा) कसा बघायचा याची मार्गदर्शिका मी मराठी विकिपीडियावर टाकली. ती काढून टाकली गेली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून एवढी मेहनत घेतली होती. आता कुठे टाकू? आणि कशी लिहू?
— एक तरुण, निपाणी

उत्तर : अरे, रागावू नकोस. काढली ते बरोबरच आहे. विकिपीडिया हा ज्ञानकोश. आरटीसी म्हणजे काय हे तिथे लिहायचं, ती कशी काढायची हे नाही. हे दाबा, मग ते भरा, अशा लेखनासाठी त्याचंच भावंड आहे, विकिबुक्स. ते मराठीतही आहे. नाहीतर तुमच्या मंडळाची स्वतंत्र विकी उभी करता येते. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी कोणालाही फुकट वापरता येतं. कोणीतरी ते सांभाळायला हवं, एवढीच अट. आमच्या शहापूरच्या वाचनालयाची तशी एक आहे, ती सांभाळायचं काम माझ्या नातीकडं.

आता कशी लिहायची. माझी फजिती आधी सांगतो, म्हणजे तुझी वाचेल. याच विषयाची मार्गदर्शिका मी लिहिली, तिचा पत्ता उचलला आणि २०० चिठ्ठ्या छापून वाचनालयात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी येळ्ळूरचे एक आजोबा चिठ्ठी घेऊन बाकावर बसले आणि एकेक चिन्ह मोबाइलवर टंकू लागले. मी शेजारी जाऊन बघतो तर काय, नुसते टक्के! टक्का, अक्षर, आकडा, पुन्हा टक्का. पानाच्या नावातला ‘बेळगाव’ हा शब्द संगणकाला सहा तुकड्यांचा, आणि पत्ता उचलताना त्यातला एकेक तुकडा नऊ चिन्हांचा होतो. म्हणजे एका बेळगावाची ५४ चिन्हं. आजोबा तिसऱ्या ओळीवर चुकले आणि शांतपणे पहिल्यापासून सुरू झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर प्रुफं तपासली आणि ही चिठ्ठी वाचून बघायचं सुचलं नाही. सगळ्या रद्दीत गेल्या. आता चिठ्ठीवर क्यूआर असतो आणि खाली साध्या मराठीत पानाचं नाव, ‘हे शोधा’ म्हणून.

पानाच्या आतले दुवे कसे द्यायचे? तुझ्या मजकुरात ‘येथे क्लिक करा’ सात ठिकाणी आहे. सातही काढ. म्हातारा माणूस पान वाचत नाही, तो निळ्या अक्षरांवरून बोट फिरवतो. त्याला ‘येथे, येथे, येथे’ दिसून काय कळणार? दृष्टिहीन वाचकाचा मोबाइल तर नुसते दुवे एकामागून एक वाचूनही दाखवतो, तिथे हेच सात वेळा ऐकू येईल. ‘सर्व्हे नंबर कुठे सापडतो’ असं लिही आणि त्यावरच दुवा दे. बाहेरच्या संकेतस्थळाला एकेरी कंस लागतो : आधी पत्ता, मग एक मोकळी जागा, मग दिसायचे शब्द. तिथे उभी रेघ नाही. दिसायच्या शब्दांआधी रेघ घालणारे मी रोज बघतो.

मजकूर लांब होत असेल तर तुकडे कर आणि प्रत्येकाला ‘==’ असा मथळा दे. मथळ्यापर्यंत थेट नेणारा दुवा पानाच्या नावापुढे ‘#’ लावून होतो. पण पुढे कोणी मथळ्यातला एक काना जरी बदलला, तरी तो दुवा लाल होत नाही, मुकाट्यानं पानाच्या डोक्यावर नेऊन सोडतो. म्हणून मथळे छोटे ठेव आणि शक्यतो हलवू नकोस.

पडद्यावरच्या शब्दांचं भाषांतर करू नकोस. तू ‘मंडल’ लिहिलं आहेस, पडद्यावर ‘होबळी’ (तालुक्यातला गावांचा गट) आहे. जे दिसतं ते देवनागरीत तसंच लिहायचं आणि अर्थ शेजारी द्यायचा.

शेवटी एक परीक्षा. मी शेजारच्या काकूंना माझी मार्गदर्शिका आणि मोबाइल देऊन समोर बसवलं आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं. जिल्हा झाला, तालुका झाला, सर्व्हे नंबर झाला. पुढे ‘सर्नॉक’ नावाचा रकाना आला आणि काकू थांबल्या. “हे काय औषध आहे की काय?” म्हणाल्या. मी त्या शब्दाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिथे बहुतेक वेळा नुसती चांदणी असते, ती निवडून पुढे हिश्शाकडे जायचं. मला हे इतकं पाठ झालं होतं की लिहायचं सुचलंच नाही. मी पाच मिनिटं गप्प बसलो, तेवढ्यात तीन त्रुटी सापडल्या.

प्रश्न : विकीवर कोणीही बदल करू शकतं ना? मग आमचं काम कोणी बिघडवलं तर? पान कुलूपबंद करता येतं का?
— महिला बचत गट, हुक्केरी तालुका

उत्तर : ताई, येतं, पण घाई करू नका. विकी या शब्दाचा अर्थच हवाई भाषेत ‘लवकर’ असा आहे. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं हे नाव वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली आपल्या संकेतस्थळाला दिलं. बिघडवणं जितकं लवकर, तितकंच दुरुस्त करणंही. ‘इतिहास’ दाबलात की पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती तारीखवार दिसते, आणि जुनी परत आणायला मिनिटही लागत नाही. आमच्या छापखान्यात गेलेलं प्रुफ कधी परत मिळालं नाही.

परवाच सकाळी उठून बघतो, तर रात्री पावणेबाराला आमच्या विकीवर कोणीतरी माझ्या मार्गदर्शिकेत हात घातला होता. नाव नाही, गाव नाही. डोकं फिरलं. उलटवायला बोट पुढे नेलं आणि म्हटलं, आधी बघू तरी काय केलंय. मी ‘जिल्हा, तालुका, गाव’ असं लिहिलं होतं. त्यानं तालुका आणि गाव यांच्यामध्ये एक शब्द घातला होता : होबळी.