एक युक्ती, दोन ग्रह

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. तू पाठ केलेल्या या चार पायऱ्या प्रत्यक्ष कामात कुठे सापडत नाहीत, ही तुझी तक्रार रास्त आहे. काम संपल्यावर अहवाल लिहायला त्या सोयीच्या असतात, एवढंच. काम चालू असताना कधी शंका आधी येते आणि निरीक्षण मागून, तर कधी आठवडाभर झटल्यावर उपकरणच बिघडलेलं निघतं. पण म्हणून ‘वैज्ञानिक पद्धत असं काही नसतंच’ या टोकाला जाण्याची घाई नको.

उर्बँ ल व्हेरिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं उदाहरण घे. 1840 च्या दशकात युरेनस हा ग्रह न्यूटनच्या गणिताने आखून दिलेल्या वाटेवरून थोडा थोडा ढळत होता. विरोधी निरीक्षण आलं की सिद्धान्त बाद, असं तुला शिकवलं आहे. तसं असतं तर न्यूटनला त्याच दिवशी निरोप द्यायला हवा होता. कुणी दिला नाही, आणि बरंच झालं. ल व्हेरिये धरून चालला की न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम बरोबर आहे, पलीकडचा एखादा न दिसलेला ग्रह युरेनसला ओढत असावा. तो कुठे असेल हे त्याने उलटं गणित मांडून काढलं आणि बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं. योहान गालेच्या हाती ते पत्र 23 सप्टेंबर 1846 रोजी पडलं आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून सापडला. (आकाशाच्या नव्या नकाशाशी तारे पडताळून पाहू, ही सूचना गालेच्या मदतीला आलेल्या एका विद्यार्थ्याची होती. विद्यार्थ्यांनी बोलावं, ते असं.)

शाळेत ही गोष्ट इथे संपते. 1859 मध्ये त्याच ल व्हेरियेने बुधाचा हिशेब मांडला. बुधाच्या कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांची ओढ जमेस धरूनही त्या सरकण्यातला थोडा भाग उरतच होता. आजच्या मोजणीनुसार तो शंभर वर्षांत 43 विकला इतका आहे. एका अंशात 3600 विकला असतात, यावरून किती बारीक ते बघ. ल व्हेरियेने पुन्हा तीच युक्ती वापरली: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी न दिसलेलं असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. पेशाने डॉक्टर असलेल्या एका हौशी निरीक्षकाने सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचं कळवलं. ल व्हेरियेने त्याच्याकडे जाऊन उलटतपासणी घेतली आणि त्याची खात्री पटली. 1878 च्या खग्रास ग्रहणात दोन मुरलेल्या निरीक्षकांनाही व्हल्कन ‘दिसला’. मात्र जिथे आणि जेव्हा तो दिसायला हवा होता, तिथे तो पुन्हा कधी आला नाही. पुढच्या ग्रहणांत घेतलेल्या फोटोंतही नाही. ल व्हेरिये 1877 मध्ये गेला, तोवर त्याचा विश्वास ढळला नव्हता. नोव्हेंबर 1915 मध्ये आइन्स्टाईनच्या नव्या गुरुत्वसिद्धान्तातून नेमके ते 43 विकला निघाले, मध्ये कुठलाही ग्रह न घालता.

माणूस तोच, युक्ती तीच. एकदा नियम खरा होता आणि ग्रहांची यादी अपुरी होती, दुसऱ्यांदा नियमच अपुरा होता. यातलं काय खरं हे 1859 मध्ये बसल्या जागी सांगू शकेल अशी कोणतीही पद्धत नव्हती, असं मला वाटतं. आजही नाही. तरी दोन्ही वेळा ल व्हेरियेने केलं ते विज्ञानच. त्याने सिद्धान्ताला ठिगळ लावलं, पण ते कुठे तपासायचं याचा पत्ताही दिला. ठिगळ लावण्यात काही गैर नाही. जे फक्त भोक झाकतं आणि तपासायला काहीच देत नाही, त्यापासून सांभाळ. ‘एखाद्या अदृश्य शक्तीमुळे होत असेल’ असं कुणी म्हणालं, तर कुठे, किती आणि ती नसती तर काय वेगळं दिसलं असतं, एवढं विचार.

व्हल्कन पाहणारे लबाड नव्हते. शोधायला निघालेल्या डोळ्यांना हवं ते दिसतं. म्हणूनच नवं औषध तपासताना खरी गोळी कुणाला आणि नुसती गोळी कुणाला, हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि डॉक्टरलाही. तूही मोजायला बसण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहून ठेव, शाईने.

आलेखाच्या रेषेवर न बसणारे बिंदू वगळू का, असं विचारलं आहेस. तापमापी हलली, द्रावण सांडलं अशी नोंद त्याच दिवशी केली असेल, तर वगळ. ‘बसत नाही’ हे कारण होत नाही. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन अमोनियापासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो, असं लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाला आढळलं. फरक हजारात एक एवढाच होता. प्रयोगातली चूक म्हणून सोडून देता आला असता. त्याने 1892 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात पत्र छापून रसायनतज्ज्ञांना सरळ कारण विचारलं, आणि फरक मिटवण्याऐवजी कृती बदलून तो वाढतो का ते पाहिलं. तो अर्ध्या टक्क्यावर गेला. 1894 मध्ये त्यातून रॅले आणि विल्यम रॅम्से यांना आर्गॉन सापडला, हवेत जवळजवळ 1 टक्का असलेला वायू. गंमत म्हणजे 1785 मध्येच कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाच्या हवेतल्या नायट्रोजनवरच्या प्रयोगात काही केल्या न संपणारा एक बुडबुडा उरला होता. नायट्रोजनच्या 120 व्या भागाहून मोठा नाही, अशी नोंद करून तो थांबला. अर्थ लागला नाही तरी नोंद खोडली नाही, म्हणून ती शतकानंतर कामी आली.

विज्ञान सारखं मत बदलतं, मग भरवसा कसा ठेवायचा, या तुझ्या मित्राच्या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. आइन्स्टाईन आला म्हणून पूल बांधणाऱ्यांनी न्यूटन सोडला नाही. जिथे न्यूटनचं गणित बरोबर येत होतं, तिथे नव्या सिद्धान्तालाही तीच उत्तरं द्यावी लागली, आणि बुधाचं कोडं सुटलं तरी आइन्स्टाईनची परीक्षा संपली नाही. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे 1.7 विकला वळेल, हेही त्याने आधी सांगून ठेवलं होतं. ते 1919 च्या ग्रहणात मोजलं गेलं, आणि त्या मोजमापांवरही पुढे वाद झाले.

मोजमापांच्या नोंदींची पानं पाठव, खाडाखोडीसकट. स्वच्छ प्रत नको.